मेनफ्रेम संगणकावरील फाईलवाचनाचा वेग : बफर-व्यवस्था आणि वेगवर्धक साधने यांची एक चिकित्सा

सारांश

मोठ्या बँका, विमा कंपन्या व शासकीय खाती यांचे हिशेब ज्या मेनफ्रेम संगणकांवर चालतात, तेथे कामाचा बराचसा वेळ आकडेमोडीत न जाता फाईल वाचण्यात जातो. हा वेळ कमी करण्यासाठी बफरांची संख्या वाढवणे आणि ती संख्या आपोआप ठरवणारी साधने वापरणे, हे दोन उपाय सर्वत्र सांगितले जातात. आज्ञावलीला हात न लावता वेग मिळेल, असा या साधनांचा दावा असतो. हा दावा कोठपर्यंत खरा आहे, तो कोणत्या गोष्टी दृष्टीआड करतो आणि आपल्या महाविद्यालयीन अध्यापनाशी त्याचा काय संबंध आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजशब्द : मेनफ्रेम, फाईल-संघटन, बफर, व्हीसॅम, वर्गीकरण, संगणक-अध्यापन.

१. प्रस्तावना

'बफर' हा शब्द निरनिराळ्या विद्याशाखांच्या प्राध्यापकांना निरनिराळ्या अर्थाने परिचित आहे. रसायनशास्त्रात आम्ल वा अल्कली मिसळले तरी ज्याचा सामू फारसा ढळत नाही, ते द्रावण म्हणजे बफर. रेल्वेत दोन डब्यांमधील धक्का सोसणारा भाग म्हणजे बफर. संगणकशास्त्रात मात्र भिन्न गतीने काम करणाऱ्या दोन घटकांच्या मधे माल तात्पुरता ठेवण्याची जागा, असा त्याचा अर्थ आहे.

कोरपना तालुक्यातील वाचकाला या तिसऱ्या अर्थासाठी फार लांब जावे लागत नाही. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथील सिमेंट कारखाने चुनखडीच्या खाणींच्या आधाराने उभे राहिले. खाणीतील काम पाळीनुसार, सुरुंगानुसार, पावसानुसार थांबते वा चालते. भट्टी मात्र मधेच थांबवणे परवडत नाही. म्हणून सिमेंट कारखान्यात खाण आणि भट्टी यांच्या मधे चुनखडीचा साठा रचून ठेवलेला असतो. या साठ्यामुळे खाणीचा वेग वाढत नाही, भट्टीचाही वाढत नाही. दोघांच्या गतीतील तफावत भट्टीला जाणवू नये, एवढेच तो पाहतो. शिवाय पुढे कोणत्या प्रतीचा दगड लागणार हे आधी ठाऊक असेल, तरच साठ्याचा उपयोग होतो. लागणारा माल एक आणि साठवलेला दुसरा असे झाले, तर ढीग कितीही मोठा असला तरी तो निरुपयोगी ठरतो.

प्रस्तुत लेखातील प्रतिपादन याच मुद्द्यावर उभे आहे. बफर हा पुढील मागणीविषयी बांधलेला अंदाज असतो. तो अंदाज बरोबर येण्यासाठी जे ज्ञान लागते, ते कामाचा क्रम ठरवणाऱ्याजवळ असते, साधनाजवळ नसते. म्हणून वेगवर्धक साधनांचे मूल्यमापन करताना किती वेळ वाचला एवढेच विचारून भागत नाही. तो वेळ मुळात का जात होता, हेही विचारावे लागते.

२. पार्श्वभूमी

मंद आणि जलद घटकांचा मेळ घालण्याचा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची मुख्य स्मृती २०४८ शब्दांची होती. १९६४ साली त्याच संस्थेत 'सीडीसी ३६००' हा मोठा संगणक आला, तेव्हा त्याच्या जोडीला '१६०-ए' हा लहान संगणकही होता. छिद्रपत्रे वाचणे, छपाई करणे यांसारखी मंद कामे लहान यंत्राकडे सोपवायची आणि मोठ्या यंत्राला खोळंबू द्यायचे नाही, ही त्या काळातील जोडव्यवस्थांमागची दृष्टी होती. एका अर्थाने लहान संगणक हाच मोठ्या संगणकाचा बफर होता.

१९६४ च्या एप्रिलमध्ये 'आयबीएम'ने 'सिस्टीम/३६०' ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्याबरोबर फाईल वाचण्याच्या ठरीव पद्धतीही आल्या. त्यांपैकी 'क्यूसॅम' या पद्धतीत आज्ञावलीने मागणी करण्यापूर्वीच पुढील नोंदी वाचून बफरात आणून ठेवल्या जात. 'आयसॅम' या पद्धतीने अनुक्रमणिकेच्या साह्याने हवी ती नोंद थेट शोधण्याची सोय दिली. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिची जागा घेण्यासाठी 'व्हीसॅम' ही पद्धत आली. तीच पुढे मेनफ्रेमवरील अनुक्रमणिकायुक्त फाईलींची मुख्य पद्धत ठरली आणि आजही वापरात आहे.

महाराष्ट्राचा या यंत्रांशी संबंध दोन मार्गांनी आला. एक, येथील संस्थांनी स्वतःसाठी घेतलेले संगणक. आणि दोन, परदेशांतील संगणकांसाठी येथे बसून केलेले काम. १९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ मध्ये 'बरोज' कंपनीचा संगणक आणला आणि परदेशी ग्राहकांसाठी आज्ञावल्यांचे रूपांतर करण्याचे काम हाती घेतले. १९७८ मध्ये 'आयबीएम' भारतातून बाहेर पडली आणि तिच्या येथील संगणकांची देखभाल शासकीय 'सीएमसी'कडे आली. १९९० च्या दशकात, विशेषतः इसवी सन २००० च्या वर्षबदलाच्या कामानिमित्त, परक्या मेनफ्रेमवरील जुन्या कोबोल आज्ञावल्या वाचणे आणि दुरुस्त करणे हा मुंबई-पुण्यातील हजारो तरुणांचा व्यवसाय झाला.

या दुसऱ्या मार्गाचे एक वैशिष्ट्य येथे नोंदवणे आवश्यक आहे. दुसऱ्याने लिहिलेली, दुसऱ्याच्या मालकीची, वर्षानुवर्षे चाललेली आज्ञावली सांभाळणाऱ्यास तिच्या रचनेत बदल करण्याचा अधिकार सहसा नसतो. तिचा मूळ उद्देश सांगणारा माणूसही पुष्कळदा निवृत्त झालेला असतो. अशा परिस्थितीत आज्ञावली न बदलता वेग वाढवून देणारे साधन स्वाभाविकच आकर्षक ठरते.

३. बफर नेमके काय करतो?

मोघम विधाने टाळण्यासाठी एक कल्पित, परंतु प्रत्यक्षाशी जुळणारे उदाहरण घेऊ. एका बँकेची खातेफाईल व्हीसॅम पद्धतीची आहे. तीत १० लाख नोंदी असून प्रत्येक नोंद २०० बाइटची आहे. व्हीसॅम नोंदी सुट्या वाचत नाही. ठरावीक आकाराचा एक गट एका वेळी वाचते. हा गट ४०९६ बाइटचा धरला, तर त्यात २० नोंदी मावतात. म्हणजे संपूर्ण फाईल ५०,००० गटांची झाली. '३३९०' जातीच्या डिस्कवर अशा आकाराचे १२ गट एका वर्तुळमार्गावर आणि १८० गट एका सिलिंडरवर बसतात. जुन्या काळच्या डिस्कचा विचार करून एक गट वाचण्यास १५ मिलिसेकंद, तर पूर्ण वर्तुळमार्ग वाचण्यास ३० मिलिसेकंद लागतात असे गृहीत धरू.

पहिले काम आहे सर्व खात्यांवर व्याज आकारण्याचे. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावरील व्याज रोजच्या शिल्लकेवर काढण्याची पद्धत लागू झाली. त्यापूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक पाहिली जात असे. व्याजाच्या कामात पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत क्रमाने जावे लागते. व्हीसॅममध्ये काहीच सांगितले नाही, तर माहितीसाठी दोन बफर मिळतात आणि त्यांतील एक राखीव असतो. परिणामी ५०,००० गटांसाठी ५०,००० वेळा डिस्ककडे जावे लागते व ७५० सेकंद, म्हणजे साडेबारा मिनिटे लागतात. तेच २५ बफर दिले, तर १२ गट वापरात असताना पुढचे १२ वाचून ठेवता येतात आणि एक राखीव राहतो. डिस्ककडील फेऱ्या सुमारे ४,१६७ वर येतात आणि वेळ १२५ सेकंदांवर, म्हणजे सुमारे दोन मिनिटांवर येतो. हा लाभ खरा आहे, मोठा आहे आणि त्यासाठी केवळ २५ गटांची, म्हणजे १०० किलोबाइट स्मृती पुरते.

दुसरे काम आहे दिवसभरात आलेले १ लाख व्यवहार ज्या त्या खात्याशी पडताळून पाहण्याचे. व्यवहार ज्या क्रमाने आले, त्याच क्रमाने फाईलीत आहेत; खातेक्रमांकांचा क्रम कसाही आहे. येथे प्रत्येक खाते शोधताना प्रथम अनुक्रमणिका पाहावी लागते. या आकाराच्या फाईलीची अनुक्रमणिका तीन पातळ्यांची होते. अनुक्रमणिकेसाठी एकच बफर असेल, तर दर खेपेस तिच्या तीन पातळ्यांच्या तीन आणि माहितीची एक, अशा चार फेऱ्या होतात. १ लाख व्यवहारांसाठी ४ लाख फेऱ्या, म्हणजे ६,००० सेकंद अथवा १ तास ४० मिनिटे.

आता पहिल्या कामाच्या अनुभवावरून येथेही माहितीसाठी २५ बफर दिले तर काय होईल? जवळजवळ काहीच नाही. पुढचे खाते शेजारच्या गटात नसल्यामुळे शेजारचे गट आणून ठेवण्यात अर्थ नसतो. येथे अनुक्रमणिकेला बफर हवेत. दर सिलिंडरला एक याप्रमाणे अनुक्रमणिकेच्या खालच्या पातळीचे २७८ गट होतात. वरच्या पातळ्यांचे तीन धरले, तर एकूण २८१. प्रत्येकास ४ किलोबाइट धरले तरी सुमारे १.१ मेगाबाइट स्मृतीत संपूर्ण अनुक्रमणिका मावते. मग प्रत्येक खात्यासाठी माहितीची एकच फेरी उरते आणि वेळ १,५०० सेकंदांवर, म्हणजे २५ मिनिटांवर येतो.

सारांश, एकच फाईल असूनही दोन कामांना लागणारे बफर भिन्न जातीचे आहेत. फाईलीकडे पाहून बफर ठरवता येत नाहीत; त्यासाठी कामाकडे पाहावे लागते. याच निष्कर्षाच्या आधारे वेगवर्धक साधनांचा विचार करावयाचा आहे.

४. वेगवर्धक साधने : दावा आणि त्यातील तथ्य

बफर-निवडीचे काम आपोआप करणारी साधने १९८० च्या दशकापासून प्रचारात आली. 'हायपर-बफ'सारखी स्वतंत्र उत्पादने निघाली. 'आयबीएम'नेही १९९० च्या दशकात स्वतःच्या प्रणालीतच बफर-व्यवस्थापनाची सोय अंतर्भूत केली. या साधनांची सर्वसाधारण कार्यपद्धती एकच आहे. आज्ञावली फाईल उघडू लागताच साधन मधे येते, फाईलीचा आकार व उघडण्याचा प्रकार पाहते, काही साधने पूर्वीच्या वापराच्या नोंदीही पाहतात आणि त्यावरून बफरांची संख्या व जात ठरवते. आज्ञावली बदलावी लागत नाही, ती चालवणारी जेसीएलही बदलावी लागत नाही.

या साधनांची उपयुक्तता नाकारणे अन्यायाचे होईल. ज्या केंद्रात दररोज हजारो कामे चालतात, तेथे प्रत्येक कामाचे बफर माणसाने बसून ठरवणे शक्य नसते. अनेक जुन्या आज्ञावल्यांचे मूळ लिखाण उपलब्ध नसते. असले तरी एका ओळीच्या बदलानंतर साऱ्या चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात. वरील उदाहरणातील १ तास ४० मिनिटांचे काम आज्ञावलीला हात न लावता २५ मिनिटांवर येत असेल, तर रात्रपाळीवरील माणसाच्या दृष्टीने ती लहान गोष्ट नाही. सकाळी शाखा उघडण्यापूर्वी काम संपणे वा न संपणे, एवढा फरक त्याने पडू शकतो. तरीही पुढील चार आक्षेप विचारात घेणे आवश्यक वाटते.

५. चार आक्षेप

पहिला आक्षेप ज्ञानाच्या मर्यादेविषयी आहे. १९६६ साली लास्लो बेलाडी यांनी स्मृतीतील कोणता भाग काढून टाकावा या प्रश्नाचा अभ्यास केला. ज्याची गरज सर्वांत उशिरा पडणार आहे तो भाग काढावा, हे त्याचे आदर्श उत्तर आहे. परंतु त्यासाठी पुढील मागण्या आधीच ठाऊक असाव्या लागतात. व्यवहारात ते शक्य नसल्याने भूतकाळावरून भविष्य ताडावे लागते. १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी मांडलेली 'कार्यसंचा'ची कल्पना याच ताडण्याला शिस्त लावते : ज्याचा नुकताच वापर झाला, त्याचाच पुन्हा लवकर होण्याचा संभव अधिक. कार्यसंचाची कल्पना असो वा वेगवर्धक साधन, दोहोंचा आधार भूतकाळच आहे. आज्ञावलीच्या लेखकाला मात्र पुष्कळदा भविष्य खरोखरच ठाऊक असते. फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची आहे की इकडून तिकडून, हे त्याने स्वतःच ठरवलेले असते. 'आयबीएम'ची आपोआप चालणारी व्यवस्थासुद्धा आज्ञावलीने फाईल कोणत्या प्रकारे उघडली, याच घोषणेला महत्त्व देते. कोबोलमध्ये 'सिक्वेन्शियल', 'रँडम' आणि 'डायनॅमिक' असे तीन प्रकार घोषित करता येतात. पुढे लागले तर असू द्यावे, अशा विचाराने सर्वत्र 'डायनॅमिक' लिहिणारा लेखक साधनाला काहीच सांगत नाही. साधन मग अंदाजावर चालते आणि त्या अंदाजाचा दोष साधनावर येतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेविषयी आहे. वाचनाबरोबर लेखनही वाचवायचे झाले, तर बदललेला गट लगेच डिस्कवर न लिहिता बफरातच ठेवण्याची सोय वापरली जाते. त्या गटात पुन्हा बदल होणार असेल, तर एक फेरी वाचते. परंतु दरम्यान काम मधेच तुटले, तर आज्ञावलीच्या मते लिहिलेली नोंद डिस्कवर नसते. त्याच वेळी दुसरी आज्ञावली ती फाईल वाचत असेल, तर तिला जुनी शिल्लक दिसू शकते. ज्या कामात फाईलीची प्रत आधी घेतलेली आहे आणि काम पहिल्यापासून पुन्हा चालवता येते, तेथे ही जोखीम पत्करण्यास हरकत नाही. मात्र ती पत्करायची की नाही, हा हिशेबाच्या जबाबदारीचा निर्णय आहे. तो वेगाच्या नावाखाली, आज्ञावलीच्या लेखकाच्या नकळत घेतला जाऊ नये.

तिसरा आक्षेप खर्चाविषयी आहे. बफर ज्या स्मृतीत राहतात ती फुकट नसते. प्रत्यक्ष स्मृती अपुरी असताना बफर वाढवले, तर प्रणाली ते बफरच डिस्कवर नेऊन ठेवू लागते. ज्या फेऱ्या टाळायच्या होत्या, त्या दुसऱ्या दाराने परत येतात. १९८७ मध्ये जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी 'पाच मिनिटांचा नियम' मांडला. त्या वेळच्या किमतींनुसार, जी माहिती सरासरी पाच मिनिटांत एकदा तरी लागते तीच स्मृतीत ठेवणे किफायतशीर, असे त्यांचे गणित होते. या मांडणीचे महत्त्व पाच या आकड्यात नाही; किमती बदलल्या तशी त्याची फेरतपासणीही पुढे झाली. स्मृती आणि डिस्क यांच्यातील निवड हा किंमत व वारंवारता यांचा हिशेब आहे, ही दृष्टी महत्त्वाची आहे. बफर वाढवले म्हणजे बरेच झाले, ही समजूत या हिशेबाला बगल देते.

चौथा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. वरील दुसऱ्या उदाहरणाकडे पुन्हा पाहू. उत्तम बफर-व्यवस्थेने १ तास ४० मिनिटांची २५ मिनिटे झाली. आता तेच १ लाख व्यवहार प्रथम खातेक्रमांकानुसार वर्गीकृत केले आणि नंतर व्यवहारफाईल व खातेफाईल अशा दोन्ही फाईली समांतर, क्रमाने वाचल्या तर? दुसरे काम पहिल्या कामाच्या जातीचे होते. खातेफाईल वाचण्यास २५ बफरांनिशी १२५ सेकंद लागतात. व्यवहारफाईल आकाराने कितीतरी लहान असल्याने तिच्या वर्गीकरणाला त्या मानाने थोडाच वेळ पुरतो. एकूण काम काही मिनिटांत आटोपते. एका खात्यावरील दोन व्यवहारांचा मूळ क्रम बिघडू नये म्हणून खातेक्रमांकानंतर व्यवहाराचा अनुक्रम हा दुसरा निकष लावला की पुरे.

म्हणजे जेथे साधनाने वेळ चौपटीने कमी केला, तेथे रचनेतील एका बदलाने तो त्याहून कितीतरी पटींनी कमी होऊ शकतो. ही सूचना साधन कधीच करू शकत नाही. कारण व्यवहारांचा क्रम बदलला तरी निकाल बदलत नाही, हे बँकेच्या कामाचे ज्ञान आहे, फाईलीचे नव्हे. उलट, साधनाने २५ मिनिटांवर समाधान दिल्यामुळे मूळ प्रश्न विचारण्याची निकडच संपते. आज्ञावलीतील दोष झाकून त्याला दीर्घायुष्य देणे, हा या साधनांचा न दिसणारा परिणाम आहे.

अर्थात वर्गीकरण हाही सर्वत्र लागू पडणारा उपाय नव्हे. वरील गृहीतांनुसार अनुक्रमणिका स्मृतीत असताना एका व्यवहारास १५ मिलिसेकंद लागतात. म्हणून १२५ सेकंदांत सुमारे ८,३३३ व्यवहार थेट शोधून होतात. व्यवहार याहून कमी असतील, तर संपूर्ण फाईल वाचणे हाच अपव्यय ठरेल. ही सीमा एकूण नोंदींच्या एक टक्क्याच्याही आत आहे, ही बाब मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. अंतःप्रेरणेने आपण ती बरीच वर धरली असती. तसेच खिडकीपुढे ग्राहक उभा असताना त्याला वर्गीकरणासाठी थांबवता येत नाही. तेथे थेट शोध आणि अनेकांनी मिळून वापरायचे सामाईक बफर हाच योग्य मार्ग आहे.

६. धनादेश-समाशोधनाचा दाखला

मागणीचा क्रम आधी लावून घेण्याचे महत्त्व संगणकाच्या आतच आहे असे नाही. मुंबईतील धनादेश-समाशोधन हा त्याचा मोठा सार्वजनिक दाखला आहे. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला आणि १९८६ मध्ये मुंबईत चुंबकीय शाईतील अक्षरे वाचणाऱ्या यंत्रांद्वारे समाशोधन सुरू झाले. धनादेशाच्या तळाशी छापलेल्या नऊ अंकी संकेतांकात पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे असतात. यंत्र हा संकेतांक वाचून धनादेशांची बँकवार व शाखावार विभागणी करी.

येथे वेग कशातून आला, हे पाहण्यासारखे आहे. वाचणारे यंत्र जलद होते हे खरेच. पण त्याहून निर्णायक गोष्ट म्हणजे कागदाच्या रचनेतच वर्गीकरणाची सोय करून ठेवली होती. शहर, बँक, शाखा हा उतरता क्रम संकेतांकात नसता, तर कितीही जलद यंत्राला प्रत्येक धनादेश कोणाचा हे स्वतंत्रपणे शोधावे लागले असते. २०१३ च्या एप्रिलमध्ये पश्चिम विभागासाठी मुंबईत धनादेशाच्या प्रतिमेवर आधारलेली नवी पद्धत आली आणि कागद हिंडवण्याची गरज सरत गेली. यंत्रे बदलली, कागदाचा प्रवास थांबला. तो संकेतांक मात्र धनादेशाच्या तळाशी आजही आहे. विचारपूर्वक केलेली रचना यंत्रांच्या पिढ्यांना पुरून उरते, हे यावरून दिसते.

७. 'आता डिस्क जलद झाल्या' हा युक्तिवाद

यावर असे म्हटले जाईल की, ही चर्चा कालबाह्य आहे. फिरत्या तबकड्यांच्या जागी स्थायुरूप स्मृती आली, डिस्कच्या नियंत्रकातही मोठी स्मृती बसवलेली असते, एका फेरीला आता १५ मिलिसेकंद नव्हे, अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. प्रत्येक फेरीचा वेळ घटला, फेऱ्यांचे परस्पर-प्रमाण घटले नाही. ४ लाख फेऱ्या आणि ४ हजार फेऱ्या यांतील अंतर यंत्राची पिढी बदलली तरी शंभरपटच राहते. शिवाय प्रत्येक फेरी मागण्यासाठी मध्यवर्ती प्रक्रियकाला काही सूचना पार पाडाव्या लागतात. मेनफ्रेमवरील प्रणालींचे मासिक आकार पुष्कळदा या प्रक्रियकाच्या वापराशी जोडलेले असतात. म्हणून अनावश्यक फेरी आता घड्याळात कमी दिसत असली, तरी बिलात दिसते. दरम्यान व्यवहारांची संख्याही वाढली आहे. भ्रमणध्वनीवरून होणाऱ्या देवघेवींनी तिला पूर्वी न कल्पिलेली उंची दिली आहे.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

या चर्चेचा आपल्या महाविद्यालयांशी काय संबंध, असा प्रश्न साहजिक आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील महाविद्यालयांत मेनफ्रेम नाही आणि असण्याची अपेक्षाही नाही. परंतु येथून पदवी घेऊन नागपूर, पुणे वा हैदराबादला गेलेला विद्यार्थी अशाच एखाद्या परक्या, जुन्या फाईलीसमोर बसण्याचा संभव असतो. त्याच्याजवळ त्या वेळी काय असते? क्रमवार, अनुक्रमणिकायुक्त आणि थेट अशी फाईल-संघटनाची तीन नावे, त्यांच्या व्याख्या आणि गुणदोषांचा तक्ता. परीक्षेत दहा गुणांसाठी हे पुरते. एखादे काम १ तास ४० मिनिटे का घेते, हे सांगण्यासाठी ते पुरत नाही. मग त्याला साधन चालवायला शिकवले जाते आणि तो साधनचालक होतो. रचना करणारा एक आणि ती चालवणारा दुसरा, अशी जी विभागणी या व्यवसायात दिसते, तिची बीजे काही अंशी आपल्या अध्यापनात आहेत, असे म्हणावे लागते.

यावरील उपाय खर्चिक नाही. वर केलेली गणिते फळ्यावर पंधरा मिनिटांत होतात. नोंदीचा आकार, गटाचा आकार, फेऱ्यांची संख्या एवढे तीन आकडे विद्यार्थ्याला स्वतः काढायला लावावेत. प्रयोगशाळेतील साध्या संगणकावर मुक्तपणे मिळणारा कोबोल अनुवादक बसवता येतो. १९९९ पासून उपलब्ध असलेल्या 'हर्क्युलिस' या अनुकरण-आज्ञावलीच्या साह्याने जुनी 'एमव्हीएस' प्रणाली आणि तिच्यासोबत व्हीसॅमही साध्या संगणकावर चालवून पाहता येते. एकच फाईल आधी वर्गीकरण न करता आणि मग वर्गीकरण करून वाचावी, दोन्ही वेळा फेऱ्या मोजाव्यात आणि फरकाचे कारण विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहावे. ज्याला कारण आपल्या भाषेत लिहिता आले, त्याला ते समजले असे मानण्यास जागा आहे. वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांनी बँकेच्या कामातील कोणता क्रम बदलता येतो आणि कोणता नाही हे सांगितले, तर हा प्रयोग खऱ्या अर्थाने बहुविद्याशाखीय होईल.

९. समारोप

बफर-व्यवस्था हा फाईलवाचन जलद करण्याचा समर्थ उपाय आहे आणि तो आपोआप राबवणारी साधने मोठ्या केंद्रांत अपरिहार्य आहेत. मात्र ती कामाचा क्रम बदलू शकत नाहीत, लेखनातील जोखमीची जबाबदारी घेऊ शकत नाहीत आणि लेखकाने जे घोषित केले नाही ते जाणू शकत नाहीत. त्यांच्या दाव्याचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : हे काम कोणत्या क्रमाने होते? तो क्रम बदलता येईल काय? आणि तो बदलता येत नसेल, तर कोणत्या जातीचे किती बफर लागतील? वेगवर्धक साधनाचे स्थान तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. पहिले दोन प्रश्न माणसाचे आहेत आणि ते विचारण्याची सवय लावणे हे वर्गातील काम आहे.